हायब्रिडचा हिशेब यवतमाळच्या रस्त्यावर मांडा

यवतमाळ जिल्ह्यात चारचाकी ही आता चैन राहिलेली नाही. शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्ध्याहून येणारी ब्रॉडगेज २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली, पण सोळा तालुक्यांच्या या पसरट जिल्ह्यातली बहुतेक गावे रेल्वेपासून दूरच आहेत. रात्री-अपरात्री पेशंटला सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूरला न्यायचे असते, मुलांच्या परीक्षेचे केंद्र अमरावतीला पडते, उमरखेडच्या माणसाला जिल्हा कचेरीत काम निघाले की अख्खा दिवस जातो. म्हणून कापसाचे चुकारे हाती आले किंवा नोकरदाराचे जुने कर्ज फिटले की घरात गाडीचा विषय निघतो, आणि हल्ली तो दोन पर्यायांवर येऊन थांबतो : हायब्रिड घ्यायची की मोठी एसयूव्ही? माझे म्हणणे असे, की या जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांना या दोन्हींची गरज नाही. चार मीटरच्या आतली, जमिनीपासून पुरेशी उंच आणि अपघात-चाचणीत चांगली ठरलेली साधी गाडी त्यांच्या रोजच्या वापराला पुरते. हायब्रिड वाईट म्हणून मी हे सांगत नाही. ती ज्या रस्त्यासाठी फायद्याची आहे, तो रस्ता आपल्याकडे फारसा नाही, हे माझे कारण आहे.

हायब्रिडची बचत कुठून येते हे आधी नीट समजून घ्यायला हवे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये त्या ऊर्जेचा बराच भाग वीज होऊन बॅटरीत साठतो आणि पुन्हा निघताना मोटर त्याच विजेवर चाक फिरवते. सिग्नलला इंजिन बंद राहते, मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या रांगेतही बहुतेक वेळ बंदच असते. म्हणजे गाडी जितकी अडखळत चालेल, तितका हायब्रिडचा फायदा जास्त. पुण्यात हिंजवडीच्या वाटेवर किंवा मुंबईच्या उपनगरात रोज दोन तास अडकणाऱ्या माणसासाठी हे तंत्र खरोखर मोलाचे आहे. यवतमाळात दत्त चौकातली संध्याकाळची गर्दी सोडली, तर असा अडथळा कुठे आहे? इथली गाडी शहराबाहेर पडली की आर्णी, महागाव, उमरखेडकडे किंवा पांढरकवड्याहून ४४ क्रमांकाच्या महामार्गावर एका लयीत धावते. ब्रेकच लागला नाही तर परत मिळवायचे काय? पुसदकडच्या घाटात उतरताना थोडी वीज जमा होते, पण ग्रँड विटारा किंवा हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीत एक युनिटभरही वीज मावत नाही, त्यामुळे लांब उतारावर ती लवकर भरते. हायब्रिडचे इंजिनही काटकसरीचे असते, म्हणून महामार्गावरही ती साध्या गाडीपेक्षा जास्त अॅव्हरेज देते, हे मान्य. पण शहरात दिसणारा फरक तिथे आटतो.

जाहिरातीतला आकडा हा फरक सांगत नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर आणि २०२५ मध्ये आलेल्या व्हिक्टोरिससाठी २८.६५ किलोमीटर हे प्रमाणित आकडे आहेत. ते प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीत, कमी सरासरी वेगाने, एसी बंद ठेवून मिळतात. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण प्रवास करणार? त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून सगळ्याच पेट्रोल गाड्यांचे अॅव्हरेज थोडे उतरते.

तेव्हा हिशेब आपल्या घरचे आकडे घेऊन करू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १७ आणि हायब्रिड २३ किलोमीटर देते असे धरू, म्हणजे हायब्रिडला झुकते मापच देऊ. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या घराची बचत १९,३०० रुपयांच्या आसपास येते, महिन्याला साधारण १,६०० रुपये. आता दुसरी बाजू. त्याच गाडीच्या हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये जास्त मोजावे लागले आणि ते ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घातले, तर त्या वाढीव रकमेचाच हप्ता महिन्याला चार हजारांवर जातो. सोळाशे रुपये वाचवण्यासाठी दरमहा चार हजार भरायचे, असा हा व्यवहार आहे आणि सात वर्षांत अडीच लाखांचे जवळपास तीन लाख ३८ हजार मोजून होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे हे अडीच लाख, व्याज सोडूनही, जवळपास ३१ क्विंटल कापसाचे झाले. कोरडवाहू शेतीत ३१ क्विंटल कापूस पिकवायला किती एकर आणि किती फवारण्या लागतात, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. हाच हिशेब वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्यासाठी केला, की बचत महिन्याला चार हजारांवर जाते आणि हप्त्याशी बरोबरी होते. त्यापुढे हायब्रिड फायद्यात. हा उंबरठा कोण ओलांडतो? आठवड्यातून दोनदा नागपूरला ये-जा करणारा ठेकेदार, जिल्हाभर फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, भाड्याने गाडी चालवणारा. शिक्षक, तलाठी, दुकानदार किंवा दहा एकरांचा शेतकरी सहसा ओलांडत नाही.

आणखी एक फसगत टाळायला हवी. अर्टिगासारख्या गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून जे असते, त्यात छोटी मोटर इंजिनला निघताना हातभार लावते, पण ती एकटी गाडी ओढत नाही. तिची बचतही तेवढीच माफक. शोरूममध्ये हायब्रिड म्हटले, की ती कोणती, केवळ विजेवर चाक फिरते का, एवढे विचारलेच पाहिजे.

करांचे गणितही छोट्या गाडीच्या बाजूने झुकले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो उपकरासह २९ ते ३१ टक्के होता. वर नाव घेतलेल्या हायब्रिड गाड्या चार मीटरपेक्षा लांब आणि दीड लिटर इंजिनाच्या, त्यामुळे त्या ४० टक्क्यांत बसतात. आधी ४३ टक्के होते, म्हणजे सवलत मिळाली ती तीन टक्क्यांची. त्यावर राज्याचा रोड टॅक्स : पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ टक्के. महाग गाडीवर दरही चढतो आणि रक्कमही. लांबी चार मीटरच्या आत असली, की कर कमी असेही गृहीत धरू नये. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्याने ती छोटी असूनही ४० टक्क्यांतच मोडते.

छोट्या गाडीवर पहिला आक्षेप रस्त्यांचा येतो आणि तो रास्त आहे. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. वणीकडे कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यांची काय अवस्था होते, हे तिकडून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण खड्ड्यात उपयोगी पडते ती उंची. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर, एक्सटरचा १८५, नेक्सॉनचा २०८. या साऱ्या चार मीटरच्या आतल्या गाड्या आहेत. लांबी-रुंदीने खड्डा छोटा होत नाही, उलट अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की रुंद गाडी आधी खाली उतरवावी लागते. उंचीइतकेच महत्त्व टायरला आहे. टॉप मॉडेलची मोठी अलॉय व्हील दिसायला देखणी, पण त्यांच्या टायरची कड बुटकी असते आणि खोल खड्ड्यात थेट रिमवर आघात होतो. खालच्या मॉडेलचा लोखंडी रिम वाकला तर गावातला कारागीर ठोकून सरळ करतो. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसते पंक्चर किट देण्याची मुभा आहे. झरी जामणीच्या आडरस्त्यावर टायर फाटला तर त्या किटचा काही उपयोग नाही, म्हणून डिकी उघडून पाहावी. डिकीवरून आठवले : ग्रँड विटाराच्या साध्या मॉडेलची डिकी ३७३ लिटरची, स्ट्राँग हायब्रिडची बॅटरीमुळे २६५ लिटरची. पोत्याने सामान आणणाऱ्या घराला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

शेतात जायला तरी एसयूव्ही हवी ना, असे विचारले जाते. पांदण रस्त्यावर पाऊस पडून गेल्यावर काळी माती टायरला अशी चिकटते, की नक्षी भरून चाक गुळगुळीत होते. तिथे फक्त पुढची दोन चाके फिरवणारी वीस लाखांची एसयूव्ही आणि तशीच दोन चाके फिरवणारी सहा लाखांची गाडी सारखीच रुतते. बाजारात एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य गाड्यांना चारही चाकांची ताकद नसते. ग्रँड विटारामध्ये ती मिळते, पण साध्या पेट्रोल मॉडेलमध्ये. स्ट्राँग हायब्रिड पुढच्या चाकांवरच चालते. ज्याला खरोखर रोज पांदणीतून दूध, खत, मजूर न्यायचे आहेत, त्याने बोलेरोसारख्या मागच्या चाकावर चालणाऱ्या, डिझेलच्या, कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणाऱ्या गाडीचा विचार करावा. ती चार मीटरच्या आत आणि दीड लिटरची आहे, त्यामुळे करही १८ टक्केच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. रात्रीच्या वेळी रिफ्लेक्टर नसलेल्या बैलगाड्या, कापसाने भरलेले ट्रॅक्टर, अचानक आडवे येणारे रोही आणि रानडुकरे या रस्त्यांवर आहेत. ‘गाडी जड तर जीव सुरक्षित’ ही समजूत मात्र चाचण्यांनी खोटी ठरवली आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले, तर भक्कम चेसिसच्या बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच. वर मी बोलेरोचे नाव घेतले ते पांदणीच्या कामापुरते; कुटुंबाला घेऊन रोज महामार्गावर जायचे असेल, तर माझी शिफारस बदलते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. तिचा निकाल अॅव्हरेजच्या आधी पाहावा.

घरात सात-आठ माणसे आहेत, पोहरादेवी-माहूरला सगळे मिळून जातो, मग पाच सीटची गाडी कशी पुरणार? रोजच सातजण बसत असतील तर सात सीटची घ्यावीच. पण वर्षातल्या चार-सहा दिवसांसाठी मोठी गाडी सात वर्षे हप्त्याने फेडण्यापेक्षा त्या दिवसांपुरती भाड्याने घेणे कितीतरी स्वस्त पडते.

पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. ज्या जिल्ह्याने पावसाचा लहरीपणा इतका सोसला आहे, तिथे कमी धूर सोडणारी गाडी हवीशी वाटणे योग्यच. पण हाच हेतू असेल तर यवतमाळहून बाभूळगाव, कळंब, दारव्हा असे अप-डाऊन करणाऱ्याने हायब्रिडच्या आधी छोटी इलेक्ट्रिक गाडी पाहावी. येऊन-जाऊन शंभर किलोमीटरच्या आतले अंतर, रात्री घरच्या मीटरवर चार्जिंग आणि जीएसटी ५ टक्के. वारंवार नागपूर-नांदेड करणाऱ्याला ती अडचणीची ठरेल. त्याचे किलोमीटरही मग हायब्रिडच्या उंबरठ्याजवळ जातात आणि त्याने हायब्रिड जरूर घ्यावी. या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, तेव्हा बॅटरीच्या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही. फक्त उच्च दाबाच्या विजेचे काम शिकलेला मेकॅनिक सर्वांत जवळ कुठे आहे, गाडी वणीत किंवा उमरखेडात बंद पडली तर ती कोण आणि कुठे उचलून नेणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

शोरूममध्ये जाण्याआधी गेल्या बारा महिन्यांचे किलोमीटर काढावेत. गाडी नसेल तर एसटी, भाड्याची गाडी आणि दुचाकीचे फेरे जोडून अंदाज बांधावा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. घरचे चारजण बसवून, एसी लावून, घाटंजीच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर जाऊन परत यावे आणि मागच्या सीटवर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवावे. गाडी कोणती घ्यायची याबद्दल त्यांचे मत सेल्समनच्या मतापेक्षा जास्त कामाचे असते.