कन्फर्म झालं का?

गणपतीची रजा बॉसने मंजूर केली, पण तिकिटाचं काय? ६० दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला लॉगिन करून बसलात आणि पेज उघडेपर्यंत वेटिंग! कणकवलीकरांनो, ओळखीचं वाटतंय ना?

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी होती रात्रभराची एसटी, घाटाची वळणं आणि खिशात आवळासुपारी. आता रात्री कोकणकन्येत झोपलं की सकाळी कणकवली. २०२३पासून वंदे भारतही इथे थांबते. मालवणला तर स्टेशनच नाही. तिथले बरेच जण इथे उतरून पुढची एसटी गाठतात.

मग घोडं अडतं कुठे? रुळावर! २०२२मध्ये सगळा मार्ग विजेवर आला, पण दुहेरी झाला तो रोहा ते वीर, २०२१मध्ये. पुढे कणकवलीपर्यंत बहुतेक सिंगल लाइनच. जादा गाड्या कितीही सोडा, समोरची गाडी येईपर्यंत आपली क्रॉसिंगला उभी.

एका वर्षी माझं वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली, ‘येतलस मां?’ मग काय, जनरलच्या दाराशी बॅगेवर बसून निघाले. रत्नागिरीला पाय सरळ करायला जागा मिळाली. कणकवलीला आई घावण्यांचा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी होती.