जोखीम जनतेची, नफा कोणाचा?

अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात ‘क्रेसेंट ड्यून्स’ हा ११० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला गेला तो ७३.७ कोटी डॉलरच्या सरकारी कर्जहमीवर. आरशांनी ऊन एकवटून मीठ वितळवायचे आणि त्या उष्णतेवर रात्रीही वीज निर्माण करायची, ही कल्पना खरोखर भव्य होती. परंतु मिठाची टाकी गळली, २०१९ साली वीजनिर्मिती थांबली आणि २०२० साली मालक कंपनीने दिवाळे काढले.

सरकारने सावकारी करू नये, हे टीकाकारांचे म्हणणे आम्हांस अर्धेच पटते. त्याच योजनेच्या हमीवर ॲरिझोनात २९० मेगावॅटचा ‘आग्वा कॅलिएन्टे’ उभा राहिला. पुढे अशा प्रकल्पांकडे खासगी भांडवल आपण होऊन वळले. सावकार जेथे कचरतो, तेथे पहिले पाऊल सरकारनेच टाकावयाचे असते.

मात्र तोटा जनतेच्या माथी आणि नफा भागधारकांच्या पदरी, हा न्याय नव्हे. आपल्याकडेही २०१४ च्या सौर उद्यान योजनेत मेगावॅटमागे २० लाख रुपयांपर्यंत केंद्रीय साहाय्य ठरले. साहाय्य अवश्य द्यावे. पण उद्घाटनाच्या कोनशिलेइतकाच ठळक हिशेबही जनतेपुढे मांडावा. ऊन फुकट असते, तिजोरीतील पैसा नव्हे.