दुर्बोधतेची दीक्षा

मानसशास्त्राचे पदव्युत्तर प्रबंध तपासण्याचा प्रसंग आला कीं एक चमत्कार नजरेस येतो. जो विद्यार्थी आपल्या प्रयोगाची हकीकत तोंडीं दहा मिनिटांत चोख सांगतो, तोच लेखणी हातीं घेतांच असा कांहीं बोबडा होतो कीं, त्यानें केलें काय, हें त्याचें त्यालाच कळूं नये! "सदर अध्ययनांतर्गत प्रयुक्तांवर मापनसाधनाचें प्रशासन करण्यांत आलें," असें तो लिहितो. अर्थ एवढाच कीं, त्यानें मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. हा दोष मुलांच्या बुद्धीचा, असें म्हणून आम्ही अध्यापक मोकळे होतों. माझें म्हणणें उलट आहे. दोष आमचा आहे. आम्हीच त्यांस दुर्बोधतेची दीक्षा देतों, आणि तिलाच गुण देतों.

शास्त्राची भाषा कठीण असावयाचीच, असा आक्षेप येईल. पारिभाषिक शब्दांशीं माझें भांडण नाहीं. 'प्रमाण विचलन', 'सहसंबंध' यांवांचून चालणार नाहीं. भांडण आहे तें त्या शब्दांच्या आड लपण्याशीं. आमच्या शास्त्राचा इतिहासच पाहा. बिने व सिमों यांनीं १९०५ सालीं मुलांची बुद्धि मोजण्याच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. त्या धर्तीच्या कसोट्या व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं बसविल्या आणि त्या कामाचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. अशा कामांत पहिली अट ही कीं, प्रश्न मुलाला कळला पाहिजे. तो न कळल्यास मोजली जाते ती भाषा, बुद्धि नव्हे. सात वर्षांच्या मुलाला प्रश्न कळावा म्हणून जो एकेक शब्द पारखून घेतो, त्यानेंच निष्कर्ष मात्र त्या मुलाच्या बापाला कळूं नयेत असे लिहावे, हा कोठला न्याय?

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. समजा, एकाद्या विद्यार्थिनीनें कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा या गांवच्या आणि नांदेड शहरांतल्या मुलांची परीक्षेविषयींची धास्ती मोजली, आणि लिहिलें: "ग्रामीण विद्यार्थ्यांत चिंतेचें प्रमाण सार्थकतेनें अधिक आढळलें." वाचणारा समजतो, खेड्यांतलीं पोरें भित्रीं! परंतु 'सार्थक' म्हणजे 'मोठा' नव्हे. मुळांत फरक नसता, तर केवळ योगायोगानें एवढें अंतर क्वचितच दिसलें असतें, इतकाच त्याचा अर्थ. मुलें पुष्कळ असलीं तर चाळिसांपैकीं एका गुणाचें अंतरही 'सार्थक' ठरूं शकतें. किती मुलें, कोणते प्रश्न, सरासरींत किती गुणांचें अंतर, हें तिनें साध्या वाक्यांत सांगितलें असतें, तर एका गांवच्या लेकरांच्या कपाळीं फुकाचा शिक्का बसला नसता. माणसाची बुद्धि जन्मभर तेवढीच राहते, या निराशावादाचा खुद्द बिनेनें १९०९ सालीं निषेध केला होता. आमचीं धूसर वाक्यें तसलेच शिक्के नव्यानें मारीत आहेत.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं १९२९ सालीं लेखनाचे नियम प्रथम छापले, ते अवघे सात पानांचे होते. आज त्यांचा चारशेंहून अधिक पानांचा ग्रंथ झाला आहे. आम्ही त्यांतून संदर्भसूचींतले स्वल्पविराम शिकवितों, आणि वाक्याला कर्ता असावा, हें शिकवावयाचें विसरतों!

उपाय सोपा आहे. प्रबंध लिहिण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें, ज्या मुलांची चाचणी घेतली त्यांच्या आईबापांना उद्देशून एकच पान लिहावें: कोणाला काय विचारलें, काय दिसलें, आणि काय सिद्ध झालें नाहीं. तें पान त्या गांवांत वाचून दाखवावें. तें ऐकणारांस समजलें कीं मग परिभाषा खुशाल येऊं द्यावी. ज्याला हें एक पान साधत नाहीं, त्याला उत्तीर्ण करूं नये. आणि तें शिकवितां न येणाऱ्या आम्हां अध्यापकांस तर मुळींच नाहीं.