गप्प बसलेलं मशीन

मिक्सर बिघडायच्या आधी वास सोडतो. फ्रिज कुरकुरतो, पंखा तर महिनाभर आधीपासून खडखडून नोटीस देतो. डिशवॉशर मात्र एके दिवशी नुसता गप्प बसतो. दिवा लागलेला, दार लावलेलं, आत रात्रीच्या जेवणाची भांडी रचलेली... आणि बटण दाबलं की काहीच नाही. माझं स्पष्ट मत असं, की ह्या गप्प बसण्याचा फायदा घेणारी एक अख्खी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली आहे आणि "आपल्याला त्यातलं काय कळतंय!" असं म्हणून आपणही तिला हातभार लावतो.

आपल्या घरांत हे यंत्र तसं नवंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामाच्या मावशी येईनाशा झाल्या तेव्हा कित्येक घरांत ते पहिल्यांदा शिरलं. त्यामुळे मिक्सरवाला किंवा गिझरवाला असतो तसा कोपऱ्यावरचा डिशवॉशरवाला काही तयार झाला नाही. उरला फक्त कंपनीचा माणूस. तो येतो, पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "मॅडम, बोर्ड गेलाय."

आता बोर्ड जातो, नाही असं नाही. व्होल्टेजच्या चढउताराने जातो, आणि झुरळांना तर ती उबदार जागा फारच आवडते. पण बोर्ड ही शेवटची शंका असायला हवी, पहिली नव्हे. कारण हे यंत्र म्हणजे एखाद्या सरकारी कचेरीसारखं आहे. आधीच्या टेबलावर सही झाल्याशिवाय पुढचं टेबल हलत नाही. वीज आली का, दार लागलं का, तळात पाणी साठलंय का, नळातून पाणी येतंय का... ह्यातली एक सही राहिली की फाईल अडकली!

विजेचं चटकन उरकतं. १६ अँपिअरच्या प्लगमध्ये दुसरं काही लावून बघायचं. मुख्य पेटीतला ईएलसीबी पडत असेल तर मात्र हात लावायचा नाही, हीटरमधून वीज जमिनीत झिरपत असू शकते, तिथे माणूस बोलवायचाच.

दाराचं टेबल जास्त त्रासदायक. दारात एक खिट्टी असते, तिच्यामागे बोटाच्या पेराएवढा स्विच. तो दबला नाही तर यंत्राच्या हिशेबी दार उघडंच. आणि आपली भांडी ही अशी! झाऱ्याचा दांडा, कढईचा कान, पलिता, काहीतरी एक इंचभर बाहेर राहतं आणि दार लागल्यासारखं दिसतं, पण लागत नाही. "खट्" असा आवाज आला पाहिजे. काही मॉडेलांत बटण दाबल्यावर थोड्या सेकंदांत दार लावलं नाही, तर ते बटण दाबलंच नव्हतं असं धरलं जातं. चाइल्ड लॉक आणि "चार तासांनी सुरू हो" हे बटण, हे आणखी दोन चोर. घरात नातवंडं येऊन गेली असतील तर आधी तिकडे बघावं. :)

पण सगळ्यात रंजक टेबल पाण्याचं. जोसेफिन कॉक्रेन ह्या अमेरिकन बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचा मुद्दाच हा होता की भांडी ब्रशने घासायची नाहीत, पाण्याच्या जोराने धुवायची. आजही तेच तत्त्व. आत शिरलेल्या पाण्याला जोर मशीनचा पंप देतो, पण आत शिरायला नळालाही थोडा दाब लागतो, मॉडेलप्रमाणे साधारण ०.३ ते ०.५ बार. आता हिशेब करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब होतो जवळजवळ १ बार. म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम तीन-चार मीटर वर असेल, तर तुम्ही आधीच काठावर! त्यात जाळी थोडी चोंदली की संपलं. तळमजल्यावर तेच मशीन मजेत चालतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. बोटं संधिवाताने वाकलेली, कढई उचलायलाही दोन हात लागतात. त्यांच्या घरी डिशवॉशर ही चैन नव्हे, त्याच्यामुळे त्या स्वतःच्या घरात स्वतःचं स्वयंपाकघर चालवू शकतात. तर त्यांचं मशीन बंद पडलं. दोन-चार सेकंद घुं व्हायचं, मग शांतता, आणि एक बारीक नळाचं चित्र लुकलुकायचं. कंपनीच्या माणसाने बोर्डाचे नऊ हजार सांगितले. मुलगा परदेशातून म्हणाला, "आई, नवीनच घे ना." काकूंचा चेहरा मात्र पैशांपेक्षा "आता मला कुणावर तरी अवलंबून राहावं लागणार" ह्या विचाराने उतरला होता.

त्याच आठवड्यात सोसायटीची टाकी धुतली होती. प्लग काढला, नळ बंद केला, नळी सोडवली. नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिच्यात चहाच्या चोथ्यासारखा गाळ घट्ट बसलेला. जुन्या टूथब्रशने साफ केली. बोर्ड ठणठणीत होता, अजूनही आहे.

(तळात पाणी साठलं की थर्माकोलचा तरंगता तुकडा वर येतो आणि मशीन काम थांबवतं. मशीन तिरकं करून ते पाणी काढून टाकायची युक्ती हल्ली सगळे सांगतात. त्याने मशीन सुरू होतं खरं, पण गळती तशीच राहते. छप्पर गळतंय म्हणून बादली रिकामी करण्यासारखं आहे ते.)

असो. येणाऱ्या माणसावर माझा राग नाही, त्याला भाग बदलायला शिकवलेलं असतं. पण आपण विचारावं ना! कशावरून बोर्ड गेला? मीटर लावून दाखवा. जुना भाग मला परत द्या. तपासणीचे पैसे खुशाल घ्या, निदानाला मोल आहेच, पण निदान तरी करा.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे, डिशवॉशरचे पंप, मोटर, बोर्ड असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान ७ वर्षं आणि दाराचं रबर, फवाऱ्याचे पाते, गाळण्या असे साधे भाग थेट ग्राहकालासुद्धा किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. चांगलंच झालं, पण पोर्टल म्हणजे माहितीची सोय, बंधन नव्हे. फरक कळतो तो प्रत्यक्ष सुटा भाग मागायला गेल्यावर.

मध्यंतरी एका मैत्रिणीच्या मशीनसाठी दाराचं रबर हवं होतं. सेवाकेंद्रात फोन केला. "ते मॉडेल बंद झालंय मॅडम, पण सध्या एक्स्चेंज ऑफर आहे."

मशीन सहा वर्षांचं होतं.