कावळ्यांनी दिलेली वर्दी

दाराशी कावळा ओरडला की पाहुणा येणार, असे आपण मानतो. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडले, तेव्हा त्यांनी निराळ्याच पाहुण्याची वर्दी दिली. तो होता बर्ड फ्लूचा एच५एन८ हा विषाणू. भोपाळच्या प्रयोगशाळेत त्याची खात्री पटली.

या कुळातील विषाणूंचे माहेर म्हणजे रानबदकांचे आतडे. तेथे ते बहुधा फारसा उपद्रव न करता नांदतात आणि विष्ठेवाटे तळ्यात उतरतात. दूषित पाणी, खाद्याची पोती किंवा माणसांची पादत्राणे यांच्या वाटेने ते कुक्कुटशाळेत शिरले, की दाटीने राहणाऱ्या हजारो कोंबड्यांत थोड्याच दिवसांत हाहाकार उडतो. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने फेब्रुवारी २००६ मध्ये हे भोगले. तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

नीट शिजवलेल्या मांसातून वा अंड्यातून हा रोग होत नाही. म्हणून बाजारातील धास्तीपेक्षा कुक्कुटशाळेच्या उंबरठ्यावरची दक्षता आम्हांस अधिक मोलाची वाटते. नुकसानीच्या भयाने जो मेलेल्या कोंबड्या लपवितो, तो शेजाऱ्याचेही खुराडे ओस पाडतो. संशय येताच पशुवैद्यास कळविणे, यातच सर्वांचे हित आहे.