कॅशे साफ करा म्हणे!

परवा आईचा फोन आला. "अरे, कीर्तन बघताना चित्र अडकतंय. आवाज पुढे जातो आणि बुवांचे हात मात्र वरच राहतात. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल."

हे शेवटचं वाक्य डोक्यात गेलं.

शनिवारी घरी गेलो. मदतपानावरचा नेहमीचा काढा आधी पाजून झाला. कॅशे साफ करा, ब्राउझर अद्ययावत करा, एक्स्टेंशन्स बंद करा, इंटरनेटचा वेग तपासा, मशीन पुन्हा चालू करा. सगळं केलं. बुवांचे हात वरच! कोपऱ्यावरचा दुकानदार तर आधीच निकाल देऊन बसला होता, "जुनं झालंय, नवीन घ्या."

शेवटी व्हिडिओवर उजवी टिचकी मारून आकडेवारीचा तक्ता उघडला. बफर भरलेला होता, म्हणजे इंटरनेट निर्दोष. पण गळालेल्या फ्रेम्सचा आकडा वाढतच होता, आणि कोडेकच्या रकान्यात होतं व्हीपी९. आता गंमत बघा. लॅपटॉप २०१२ चा, व्हीपी९ आलं २०१३ मध्ये. त्याच्या ग्राफिक्स चिपला २००३ सालचं एच.२६४ उलगडता येतं, व्हीपी९ नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर. पंखा घरघरतो, फ्रेम्स गळतात आणि आईला वाटतं, आपलंच चुकलं.

मान्य, व्हीपी९ आणि २०१८ चं एव्ही१ उत्तम आहेत. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला डेटा कमी लागतो, रॉयल्टीची भानगड नाही. पण पाठवणाऱ्याचा डेटा वाचतो तेव्हा उलगडण्याची हमाली कुणाच्या माथी येते? आणि हे टाळता येत नाही असंही नाही. हा फॉरमॅट चालेल का, सुरळीत चालेल का, कमी विजेत चालेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं संकेतस्थळाने विचारली तर आजचे ब्राउझर देतात. एच.२६४ ची प्रतही तिथे तयारच होती. मग ती न मागता का मिळू नये?

फ्लॅशच्या नावाने आपण खूप बोटं मोडली. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला तेव्हा मीही हळहळलो नाही. पण प्लगइन नसलं तर "प्लगइन नाही" असा निरोप तरी यायचा. आता निरोप नाही, नुसतं अडखळणं. आणि कारण सांगितलं नाही, की माणूस स्वतःला दोष देतो किंवा नवीन मशीन घेतो. दोन्ही दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचं!

असो. 'या ब्राउझरला एच.२६४ च कळतं' असं संकेतस्थळाला सांगणारं एक छोटं एक्स्टेंशन टाकलं. पंखा शांत. बुवांचे हात खाली आले.

आईला म्हटलं, तुझं काहीच चुकलं नव्हतं. तर म्हणाली, "मग आधी तसं कुणी सांगितलं का नाही?"

तेच तर विचारतोय.