स्टेंट स्वस्त, बिल जबरदस्त!

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर चार मित्र भेटले की दोन विषयांवर वादावादी ठरलेली. एक, फ्लॅट आत्ता घ्यावा की थांबावं. दोन, सरकारने धंद्यात पडावं की नाही. दुसऱ्या विषयाचा निकाल आमच्या ग्रुपमध्ये कधीच लागलाय. सगळे एकजात ओपन मार्केटवाले! एअर इंडियाचं उदाहरण तर तोंडपाठ. 1932 साली टाटांनी सुरू केलेली कंपनी, सरकारने 1953 मध्ये ताब्यात घेतली आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा टाटांच्याच हवाली केली. बोली 18 हजार कोटींची, पण त्यातले 15,300 कोटी म्हणजे नुसता कर्जाचा बोजा. रोख 2,700 कोटी फक्त. ‘‘सरकारने हात लावला की असं होतं बघ,’’ असं म्हणत टाळ्या दिल्या-घेतल्या जातात.

गंमत म्हणजे त्याच टेबलावरच्या एखाद्या फोनमध्ये व्होडाफोन आयडियाचं सिम असतं. या कंपनीची थकबाकी सरकारने शेअर्समध्ये फिरवून घेतली आणि 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 49 टक्क्यांच्या आसपास गेला. त्यावर मात्र कोणी भाषण देत नाही. खासगीत दोनच कंपन्या उरल्या तर रिचार्जचं काय होईल, हे सगळ्यांना बरोबर कळतं!

पण खरी मजा येते ती हॉस्पिटलचा विषय निघाल्यावर. आमच्यातला सगळ्यात कट्टर ओपन मार्केटवाला म्हणजे आमचा एमबीए. मध्यंतरी त्याच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. काका आता ठणठणीत आहेत, सकाळी फिरायलाही जातात. बिल मात्र अजून एमबीएच्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे आणि भेटेल त्याला तो ते दाखवतो. दोन स्टेंट, किंमत सरकारी मर्यादेच्या आत, एक रुपया जास्त नाही. आणि एकूण आकडा? तीन लाखांच्या पुढे! ‘‘अरे, स्टेंटचा भाव बांधला, मग बाकीच्याचा का नाही बांधला?’’ हे कोण म्हणतंय? एअर इंडियावर टाळ्या घेणारा!

मी त्याला हसले नाही. त्याचा प्रश्न अगदी करेक्ट आहे. फक्त त्याचं उत्तर ‘सरकार हवं’ किंवा ‘सरकार नको’ या दोन डब्यांत बसत नाही.

स्टेंटचंच घ्या. फेब्रुवारी 2017 च्या आधी औषध लावलेल्या स्टेंटला पेशंट लाख-सव्वा लाख मोजत होता. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएने आकडे तपासले, तेव्हा हॉस्पिटलच्या पातळीवरचं मार्जिन काही ठिकाणी 650 टक्क्यांपर्यंत निघालं. आता तुम्ही म्हणाल, बाजारात इतक्या कंपन्या होत्या, मग स्पर्धेने भाव खाली का नाही आले? कारण इथे स्पर्धाच उलटी चालते, बॉस. मोबाइल घेताना तुम्ही दहा साइट्स बघता, मॉडेल तुम्हीच ठरवता आणि पैसेही तुम्हीच देता. स्टेंट डॉक्टर निवडतो, हॉस्पिटल विकत घेतं आणि पैसे देतो टेबलावर आडवा झालेला माणूस. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ पेशंटला स्वस्त देण्याची नव्हती, हॉस्पिटलला जास्त मार्जिन देण्याची होती. छापील किंमत जितकी मोठी, तितकी कापायला जागा मोठी. छातीत कळ आलेली असताना ‘जरा दुसऱ्या दुकानात विचारून येतो’ असं कोण म्हणणार?

म्हणून एनपीपीएने कमाल किंमत ठरवून टाकली. औषधवाला स्टेंट 29,600 रुपये आणि साधा 7,260, वर टॅक्स. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचा नंबर लागला. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली, तेव्हा सरकारने सांगितलं, लगेच नाही, काही महिने पुरवठा चालू ठेवायचा. आमच्या एमबीएला इथे जुनी पुस्तकं आठवतात. भाव असा बांधला तर नवं मॉडेल इथे कोण आणेल? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आधीची लूट बघता, हात घातला ते बरंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गडबड पुढे झाली. सरकारने बिलातली एक ओळ धरली आणि बाकीच्या चाळीस ओळी मोकळ्या सोडल्या. काकांच्या बिलात ग्लोव्हज, सिरिंज आणि ‘इतर साहित्य’ या नावाखाली जे काय आहे, ते वाचायला भिंग लागेल. पाण्याने भरलेला फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तसंच.

आणि हे आपण याआधीही बघितलं होतं की! कोविडमध्ये, मे 2020 मध्ये, महाराष्ट्र सरकारने खासगी हॉस्पिटल्सच्या 80 टक्के बेड्सचे दर ठरवून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला 4,000, आयसीयूला 7,500 आणि व्हेंटिलेटरसकट 9,000. त्या काळात हा निर्णय म्हणजे केवढा आधार होता! पण पीपीई किट पॅकेजच्या बाहेर राहिले. मग काय, किट्सच्या बिलांच्या तक्रारी राज्यभरातून यायला लागल्या.

दुसरं टोकही आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा निर्णय 2023 मध्ये झाला. पांढरं रेशनकार्डवालेसुद्धा त्यात आले. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार. आमच्या ग्रुपमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं! इथे सरकार एकेक वस्तू नाही, अख्खा उपचार एका दराने विकत घेतं. आयडिया सही आहे. पण हे दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही हॉस्पिटल्सची जुनी तक्रार आहे आणि ती सगळीच खोटी नाही. गिऱ्हाईक सरकार असलं म्हणून उधारी किती दिवस चालणार? मग दर वाढवायचे तर पैसे टॅक्समधून येणार, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. ‘सरकारने हे करावं, ते करावं’ म्हणताना हे वाक्य आपण गिळून टाकतो.

एमबीएच्या कहाणीत अजून एक ट्विस्ट आहे. ऑफिसच्या पॉलिसीत काकांना तीन लाखांचं कव्हर होतं, पण रूमचं भाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000 पर्यंतच. घेतली 6,000 ची सिंगल रूम. याला वाटलं, रोजचे वरचे तीन हजार आपण भरू, त्यात काय! पण अशा पॉलिसीत वरचा फरक कापून भागत नाही. रूम मर्यादेच्या दुप्पट, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा सगळ्या खर्चांचीही निम्मीच रक्कम मिळते, कारण रूमचा क्लास वाढला की हे दरही वाढतात. विमा नियामकाने 2020 मध्ये औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट्स या कपातीतून बाहेर काढली, म्हणून स्टेंटचे पैसे तरी पूर्ण मिळाले. पुन्हा सरकारी हात! आणि पुन्हा एमबीए गप्प.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा हाच पठ्ठ्या सगळ्यात आधी आई-बाबांसाठी वेगळी पॉलिसी शोधायला बसला. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला तेव्हा ही सवलत मिळाली नाही. त्यामुळे सोमवारी ऑफिसात गेलात की एचआरला एवढंच विचारा, आपल्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा किती आहे? आणि हॉस्पिटलमध्ये पाय ठेवलात तर रिसेप्शनच्या आसपासची भिंत नीट बघा. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार तिथे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली असायला हवी. काकांच्या हॉस्पिटलमध्ये त्या जागी एक्वेरियम होतं.